काम तपासणारं माणूस



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची ओळख मी करून देण्याचं कारण नाही. पुढच्या तीन-चार रांगांतल्या बहुतेकांनी त्यांच्याकडे गणित केलेलं आहे. संयोजकांनी मला विषय दिला ‘तंत्रज्ञान उद्योगातील करिअरची सुरुवात’. पत्रिकेवर तो तसाच छापला आहे, त्यामुळे मागे बरेच पालक बसलेले दिसतात. त्यांना आधीच सांगून ठेवतो, कोणत्या कोर्सला किती मागणी आहे याची यादी मी आणलेली नाही.

गावाकडे लग्नकार्याला आलो की हा प्रश्न ठरलेला असतो. पूर्वी विचारायचे, ‘मुलाने जावा करावं का डॉटनेट?’ मग काही वर्षं पायथॉन आलं, डेटा सायन्स आलं. आता जेवणाची पंगत उठायच्या आत कोणीतरी बाजूला घेतं आणि विचारतं, ‘एआयचा कोर्स लावू का? फी ऐंशी हजार म्हणतात.’ मी उलट विचारतो, ‘तिथे पोरानं केलेलं काम तपासणार कोण?’ यावर समोरचे गृहस्थ जरा नाराज होतात. त्यांना कोर्सचं नाव हवं असतं. आज त्या उलटप्रश्नावरच बोलायचं आहे, कारण या धंद्यात माणूस घडतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्या काळात त्याच्या कामातली खोट काढणारं कोणी शेजारी होतं की नाही, यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं.

आपल्याकडे संगणक आला तेव्हा तो शिकवणारी कॉलेजं नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा भारतात बनवलेला संगणक १९६० मध्ये चालू झाला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकन यंत्र आलं. ही यंत्रं हाताळणारी माणसं पदार्थविज्ञानातून, गणितातून, इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमधून आलेली होती. १९६८ मध्ये टीसीएस सुरू झाली. तिला आकार देणारे फकीरचंद कोहली मूळचे वीजक्षेत्रातले. टाटांच्या वीज कंपनीतून ते इकडे आले. (पुढे पुण्याच्या सीओईपीच्या नियामक मंडळाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, हे इथल्या सीओईपीवाल्यांना आठवत असेल.) १९७४ मध्ये बरोज या अमेरिकन संगणक कंपनीने टीसीएसकडे प्रोग्रामर मागितले आणि आपली माणसं परदेशी कामावर जायला लागली. एस. रामदोराई १९७२ मध्ये या कंपनीत खालच्या पायरीवर लागले आणि १९९६ मध्ये तिचे प्रमुख झाले. त्या पिढीत असे पुष्कळ. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे संगणकाची पदवी नव्हती, पण कामावर घेऊन शिकवण्याची रीत होती.

ती रीत उदारपणातून आली होती असा समज करून घेऊ नका. तयार माणूस बाजारात मिळतच नव्हता, म्हणून घडवावा लागला.

यंत्राचा वेळ महाग होता, त्यानेही शिस्त लावली. प्रोग्राम आधी कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचा. मग त्याची कार्डं पंच व्हायची, एका ओळीला एक कार्ड, एका कार्डावर ८० रकाने. कार्डांचा गठ्ठा केंद्रात नेऊन द्यायचा आणि निकालाचा लांबलचक कागद दुसऱ्या दिवशी हातात यायचा. एक पूर्णविराम चुकला की दिवस गेला. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी शेजारच्या माणसाला शीट दाखवायचं आणि त्याने कागदावर एकेक ओळ ‘चालवून’ पाहायची, ही सक्तीच होती. याला ड्राय रन म्हणत. दुसऱ्याच्या नजरेखालून काम गेल्याशिवाय ते यंत्रापर्यंत पोचतच नसे. आता बटण दाबलं की पळभरात उत्तर येतं, आणि त्या पळभराने शेजारच्या माणसाची गरज संपवली. सोय झाली यात वाद नाही. पण ज्याला काहीच येत नाही अशा पोराच्या दृष्टीने तो सौदा तितकासा फायद्याचा नव्हता.

ऐंशीचं दशक भरभर ओलांडतो. आयबीएम १९७८ मध्ये परकीय चलनाच्या कायद्यामुळे देशातून गेली. इन्फोसिस १९८१ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. त्याच १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि साखर कारखान्याच्या शेजारी इंजिनीअरिंग कॉलेज हे चित्र महाराष्ट्रात उभं राहिलं. त्या निर्णयाला नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण इथे बसलेल्या किती घरांतला पहिला इंजिनीअर त्या कॉलेजांतून निघाला, हे हात वर करून मोजलं तर टीका जरा मवाळ होईल. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं, १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. सामान्य घरांना सी-डॅक माहीत झालं ते मात्र महासंगणकामुळे कमी आणि ‘डॅक’ या पदविकेमुळे जास्त. मेकॅनिकलचा, सिव्हिलचा, बीएस्सीचा मुलगा तिथे सहा महिने लॅबमध्ये घासून निघायचा आणि प्रोग्रामर म्हणून लागायचा.

आता मला जिथे रेंगाळायचं आहे त्या ठिकाणी येतो. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध, वायटूके.

तरुण मंडळींसाठी थोडं सांगतो. जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोन आकड्यांत लिहीत. १९६७ म्हणजे नुसतं ६७. कार्डावर ८० रकाने, यंत्राची मेमरी महाग, मग दर तारखेमागे दोन रकाने वाचवणं शहाणपणाचं होतं. पण २००० साल आलं की वर्ष ००. १९३५ मध्ये जन्मलेल्या पेन्शनराचं वय काढायला प्रोग्राम शून्यातून पस्तीस वजा करणार आणि म्हातारा उणे पस्तीस वर्षांचा होणार. अमेरिकेतल्या, युरोपातल्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे कोबोलमध्ये लिहिलेले लाखो ओळींचे प्रोग्राम कोणीतरी बसून वाचायचे होते. ते काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं, आणि ते करायला मुंबई-पुण्याच्या इमारतींत बावीस-तेवीस वर्षांची पोरं बसली.

त्या कामाची तेव्हा फार टिंगल झाली. ‘सायबर हमाली’ म्हणत. विद्वान मंडळींनी लिहिलं की आपली बुद्धिमान मुलं दुसऱ्याचे दोन आकडे चार करत बसली आहेत. मला ती टीका वरवरची वाटते. तारीख कुठे कुठे वापरली आहे हे शोधायचं तर सगळा प्रोग्राम वाचावा लागायचा. वाचता वाचता कळायचं, की विम्याचा हप्ता थकला तर पॉलिसी कधी बंद पडते, सवलतीचे दिवस कसे मोजतात, व्याज कोणत्या दिवसापर्यंत धरतात. साताऱ्याहून आलेली, घरात कोणी कधी विमाही न उतरवलेली मुलगी एका अमेरिकन आयुर्विमा कंपनीचं पोट आतून ओळखू लागायची. शिवाय सत्तरच्या दशकात कोण्या अनोळखी प्रोग्रामरने काय विचार करून हे लिहिलं असेल, हे ओळखायची सवय लागायची. दुसऱ्याचं वाचता आल्याशिवाय स्वतःचं लिहिता येत नाही. साहित्यातही येत नाही, इथेही येत नाही.

त्यात एक गंमत होती, ती सरांना आवडली असती. चारने भाग जाणारं वर्ष लीप वर्ष, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. शंभरने भाग गेला तर ते लीप नसतं, म्हणून १९०० लीप नव्हतं, हे त्याहून कमी जणांना ठाऊक असतं. आणि चारशेने भाग गेला तर पुन्हा लीप असतं, म्हणून २००० लीप होतं, हे फारच थोड्यांना. झालं असं, की ज्या प्रोग्रामरला फक्त पहिला नियम माहीत होता त्याचा प्रोग्राम २९ फेब्रुवारी २००० ला बिनधोक चालणार होता. ज्याला तिन्ही माहीत होते त्याचाही. फसणार होता तो दोन नियम माहीत असलेला. कोड तपासताना आम्ही अशा अर्ध्या शहाण्यांना शोधत असू, आणि ते सापडायचेही.

प्रत्येक दुरुस्ती तपासली जायची, कारण परदेशी गिऱ्हाइकाने तशी अटच घातलेली असायची. एकाने बदल करायचा, दुसऱ्याने तो ओळीगणिक पाहायचा, तिसऱ्याने चाचणी घ्यायची. ‘विंडोइंग’ नावाची एक पळवाट वापरत: ०० ते ४९ म्हणजे दोन हजारपासूनची वर्षं, ५० ते ९९ म्हणजे एकोणीसशेची. नवशिक्याने ती सगळीकडे लावून टाकली की वरिष्ठ विचारायचा, ‘इथे जन्मतारीख आहे. १९४० चा माणूस आता २०४० मध्ये जन्मणार का?’ एवढा एक प्रश्न ऐकलेला मुलगा तारखेच्या बाबतीत जन्मभर सावध राहतो. तो प्रश्न कुठल्या अभ्यासक्रमात नव्हता. तो विचारायला शेजारी माणूस होतं, एवढंच.

पुढे हे सगळं फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. कंपन्यांनी नव्या मुलांना हजारोंनी घ्यायला सुरुवात केली. यामागचं गणित पालकांनीही समजून घ्यावं, कारण मुलगा ‘बेंचवर’ आहे म्हटलं की घरात सुतक पाळतात. सेवा देणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक माणसांच्या तासांवर पैसे देतं. संघात वर थोडे महागडे अनुभवी आणि खाली पुष्कळ स्वस्त नवखे, अशी उतरंड रचली की सरासरी खर्च उतरतो आणि नफा राहतो. काम अचानक आलं तर माणसं तयार हवीत, म्हणून काही जण बिनकामाचे बसवून ठेवायचे. हा बेंच. दहावी, बारावी, पदवी तिन्हींत साठ टक्के, बॅकलॉग नको, ॲप्टिट्यूडची परीक्षा ही चाळणीही याच गणिताची. लाखो अर्जांतून हजारो निवडताना प्रत्येकाकडे पाहायला वेळ नसतो. तुमच्या मुलाचे एकोणसाठ टक्के होते म्हणून तो नालायक ठरला असं समजू नका. चाळणीला डोळे नसतात. आणि नवख्याचा पगार? मोठ्या सेवा कंपन्यांत तो वर्षाला ३ ते ३.५ लाखांच्या आसपास दहा-बारा वर्षं जवळजवळ गोठून राहिला. दरम्यान वाकड-हिंजवडीच्या खोल्यांची भाडी कुठे गेली ते इथल्या आयांना विचारा, डबा आणि भाड्याचे पैसे अजून त्याच पाठवतात.

तरीही या उतरंडीत एक चांगली गोष्ट दडलेली होती. खाली बसलेल्या प्रत्येक नवख्याच्या वर त्याचं काम पाहणारं कोणीतरी होतं. कंटाळवाणं काम, म्हणजे चाचण्या घेणं, जुन्या प्रोग्रामची डागडुजी, रात्री येणाऱ्या तक्रारी, हे सगळं त्याच्या गळ्यात पडायचं आणि त्यातूनच तो तयार व्हायचा.

अलीकडे दोन्ही बाजूंनी याला तडे गेले. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी भराभर माणसं घेतली आणि मग मागणी ओसरली. २०२२ नंतर बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी ऑफर लेटर हातात घेऊन जॉइनिंगच्या ईमेलची वर्ष-वर्ष वाट पाहिली. गावात पेढे वाटून झालेले, आणि मुलगा घरी. २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांकडची माणसं मिळून ६० हजारांहून अधिक कमी झाली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या पातळीवरची. बातम्यांत आकड्यावर चर्चा झाली. मला त्यातलं ‘मधल्या पातळीवरची’ हे जास्त टोचलं. नवख्याचं काम तपासायला बसायचा तो हाच माणूस.

दुसऱ्या बाजूने यंत्र आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, आणि कोड लिहून देणारी साधनं आता बहुतेक कंपन्यांत आहेत. मी स्वतः ती रोज वापरतो आणि ती उत्तम आहेत. ‘यात काही अर्थ नाही’ असं म्हणणारे माझ्या वयाचे लोक भेटतात. त्यांनी ती नीट चालवून पाहिलेली नसतात. पण नेमकं काय होतं ते उदाहरणाने सांगतो, आणि ते आपल्याच भागातलं घेतो.

समजा एका मुलाने दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम केला. गवळी येणार, लिटर, फॅट आणि एसएनएफ नोंदणार, दर लागणार, दहा दिवसांचं बिल निघणार. यंत्राला सांगितलं, त्याने तासाभरात लिहून दिलं. पडदा देखणा, बेरजा बरोबर. मुलाने दुपारी चालवून पाहिलं, सगळं ठीक. केंद्रावर बसवलं. महिनाभराने गवळी भांडायला आले, की पहाटेचं दूध मागच्या बिलात गेलं. झालं काय? सर्व्हरवर वेळ जागतिक प्रमाणवेळेने नोंदली जात होती. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. अकरा तारखेला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आलेलं दूध सर्व्हरच्या लेखी दहा तारखेच्या रात्री अकरा चाळीसचं. दिवसभर सगळं बरोबर, फक्त पहाटे साडेपाचच्या आत येणारा गवळी चुकीच्या तारखेत. आणि दहा दिवसांच्या बिलाची हद्द ओलांडली गेली की अकराव्या दिवसाचा पैसा दहाव्याचा.

ही चूक यंत्राला कळत नाही असं नाही. विचारलं असतं तर त्याने लगेच दुरुस्त करून दिली असती. पण विचारायला हवं, हे कोणाला सुचणार? ज्याने एकदा अशी चूक करून वरिष्ठाकडून ऐकून घेतलं आहे त्याला. किंवा जो पहाटे उठून बापाबरोबर किटली घेऊन डेअरीवर गेलेला आहे त्याला. यातल्या दुसऱ्या प्रकारची मुलं या सभागृहात आहेत. वानवा आहे ती पहिल्या प्रकारच्या अनुभवाची. लिहिण्याचं काम यंत्राकडे गेलं, तपासण्याचं माणसाकडे राहिलं, असं हल्ली सगळे सांगतात. खरं आहे. पण तपासणारे तयार झाले होते ते आधी लिहून, चुकून आणि तपासले जाऊन. ती पायरी काढून टाकल्यावर वीस वर्षांनी तपासायला कोण असेल, याचं उत्तर मला कुठल्याही कंपनीच्या वार्षिक अहवालात दिसलेलं नाही.

नोकऱ्या आटल्या की क्लास वाढतात. पुण्यात डेक्कनपासून वाकडपर्यंत ‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. सगळे क्लास लबाड नाहीत. ओळखायची माझी कसोटी साधी आहे: पहिल्या आठवड्यात मुलाने केलेलं काम कोणी वाचलं का, आणि त्यावर काही लिहून दिलं का? नुसते व्हिडिओ दाखवत असतील तर ते घरीही पाहता येतात, फुकटात. आणि काही ठिकाणी याहून वाईट चालतं. अनुभव नसलेल्या मुलाला दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र करून देतात, कोणत्या तरी बंद पडलेल्या कंपनीचं. पालकांनो, यात पडू नका. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या खातेदाराला एकच यूएएन क्रमांक असतो, आणि आधीच्या मालकाने पैसे भरले की नाही हे त्यावरून कळतं. पडताळणीत पकडलं गेलं की नोकरी जाते आणि नाव खराब होतं ते वेगळंच. पकडला गेला नाही तर आणखी वाईट. तीन वर्षांचा जाणता म्हणून बसलेल्या मुलाला ‘मला हे येत नाही’ असं म्हणायची सोयच राहत नाही. शिकायचा दरवाजा त्याने पैसे देऊन स्वतःच बंद करून घेतलेला असतो.

मग सुरुवात करावी कुठे? मोठ्या कंपनीत जागा मिळाली तर जरूर जा, त्यांचं प्रशिक्षण अजूनही चांगलं आहे. पण न मिळाल्यास आभाळ कोसळत नाही. कोथरूड-बाणेरमध्ये, नाशकात, कोल्हापुरात वीस-तीस माणसांच्या कंपन्या आहेत. कोणी इस्पितळाच्या बिलाचं सॉफ्टवेअर करतं, कोणी फाउंड्रीचा हिशेब, कोणी भोसरी-चिंचवडच्या यंत्रांवर चालणारं. तिथे कॅन्टीन नसतं आणि लग्नाच्या बाजारात कंपनीचं नाव सांगून कोणी प्रभावित होत नाही. पण मालक स्वतः प्रोग्रामर असेल तर तो तुमची प्रत्येक ओळ वाचतो, कारण चुकलं तर गिऱ्हाइकाचा फोन त्यालाच येतो. सपोर्टचं काम मिळालं तर नाक मुरडू नका. लोक सॉफ्टवेअर कसं वापरतात, म्हणजे खरं तर कसं वापरत नाहीत, हे तिथल्याइतकं कुठेच दिसत नाही.

आणि मुक्त सॉफ्टवेअरचं जग आहे. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्ससाठी गिट बनवलं, ज्यात प्रत्येक बदल कोणी, कधी, का केला याची नोंद राहते. आज अशा हजारो प्रकल्पांत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि तो स्वीकारण्याआधी त्या प्रकल्पाचे जाणते तो तपासतात, शेरे लिहितात, परत पाठवतात. पगार नाही, पण तपासणी मिळते, तीही कधी कधी जगातल्या उत्तम माणसांकडून. सुरुवात लहानशी चालते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत आहेत ते लोकांनी असंच घासून केलं म्हणून. एखादं चुकलेलं मराठी वाक्य सुधारून पाठवण्यापासून सुरुवात करता येते. इंग्रजीची भीती घालवायलाही हा रस्ता बरा. या धंद्यात फर्डं बोलण्यापेक्षा साधं, नेमकं लिहिता येणं उपयोगी पडतं: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या तीन गोष्टी सरळ लिहिणाऱ्या मुलाच्या तक्रारीकडे लोक लक्ष देतात. उच्चार कुठला आहे हे कोणी विचारत नाही.

मुलाखतीच्या शेवटी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ बहुतेक मुलं ‘नो सर’ म्हणून उठतात. मुलांनो, उठू नका. विचारा, ‘माझं काम कोण तपासेल? किती दिवसांत शेरे मिळतील? मागच्या वर्षी लागलेल्या एखाद्याशी बोलता येईल का?’ काही जण चमकतात, काही चिडतात. चिडणाऱ्याच्या हाताखाली पहिली दोन वर्षं काढावीत असं मला वाटत नाही. पगार हजार-दोन हजारांनी कमी-जास्त होतो, तो पुढे भरून निघतो.

बाँडबद्दल दोन शब्द, कारण चिठ्ठीवर प्रश्न आला आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ कोणालाही त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निष्फळ ठरवतं. पण नोकरीत असतानाच्या मुदतीची आणि ती मोडल्यास भरपाईची वाजवी अट चालू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या बाबतीत तीन वर्षं नोकरी किंवा २ लाख रुपये ही अट वैध मानली. म्हणून ‘बाँडला काही अर्थ नसतो’ या मित्राच्या सल्ल्यावर सही करू नका, आधी वाचा. आणि मूळ गुणपत्रिका कोणी ठेवून घेत असेल, किंवा नोकरी देण्यासाठी अनामत मागत असेल, तर तिथून उठून या.

शेवटची गोष्ट संयोजकांशी आधीच बोलून ठेवली आहे. या गावातून पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला गेलेले आणि या धंद्यात असलेले बरेच जण आहेत. दिवाळीला ते येतात, देवळाला देणगी देतात, फोटो काढतात. त्यांच्याकडून आपल्याला महिन्यातल्या दोन रविवारी एकेक तास हवा आहे. गावातल्या आणि आसपासच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी आपला कोड पाठवायचा, यातल्या एकाने तो वाचायचा आणि मराठीत किंवा इंग्रजीत शेरे लिहून परत करायचा. फी नाही, प्रमाणपत्र नाही, नोकरीचं आश्वासन तर नाहीच. ग्रंथालयाने संगणकाची खोली रविवारी सकाळी उघडी ठेवायचं कबूल केलं आहे. तपासायला तयार असलेल्यांची वही बाहेरच्या टेबलावर आहे, त्यात पहिलं नाव माझं आहे. कोड पाठवणाऱ्यांसाठी अट एकच: तो यंत्राने लिहिलेला असला तरी चालेल, पण त्यातली कोणतीही ओळ तिथे का आहे, हे मी विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.